बिनकाचेची फ्रेम

धर्मराजशेठच्या बंगल्याबाहेर चपलांचा ढीग गेट ओलांडून रस्त्यावर आला होता. उरणहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या, आपट्याहून एक भजनी मंडळ टाळांसकट आलं होतं, आणि न्हावा शेव्याकडे निघालेले दोन ट्रेलर मधेच थांबवून त्यांचे ड्रायव्हर हात जोडून रांगेत उभे होते. मागे अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवून दमल्या. इथे कुणाला त्याचं काही नव्हतं. आत गुणाआय रडत होती.

गुणाआय म्हणजे धर्मराजशेठची आई गुणाबाई. तिला जाऊन वर्ष झालं होतं. रडत होता तो तिचा फोटो. हॉलच्या भिंतीवर तीन फूट बाय दोन फूट, काळापांढरा: मिठागराच्या बांधावर उभी असलेली म्हातारी, उन्हाने बारीक झालेले डोळे, गालांवर सुरकुत्यांचं जाळं. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत थेंब जमायचा, गालावरून सावकाश उतरायचा आणि हनुवटीशी अडायचा. तिथे चांदीची वाटी धरून दयारामबाबा उभे होते; साचलेलं पाणी ते डोळ्यांत घालायला लहान बाटल्यांतून घरी द्यायचे.

“जिभेवर ठेवा,” बाबा एका ड्रायव्हरला म्हणाले. “कसं लागतं?”

“खारट.”

“खारट म्हणतो. ऐकलंत? आता मला सांगा, छपराचं पाणी खारट असतं का? एसीचं असतं का? बोलवा तुमच्या सायंटिस्टला. हे अश्रू आहेत, बाबांनो. मातेची एनर्जी आहे. ती पाझरते आणि थेट आपल्या डोळ्यांच्या फ्रिक्वेन्सीला जाऊन लागते. मोतीबिंदू असो, काचबिंदू असो, चष्म्याचा नंबर असो, एनर्जी भेदभाव करत नाही.”

एनर्जी करत नसेल, बाबा मात्र करत होते. मोटारीतून उतरलेल्यांना सोफा होता आणि टेम्पोतून उतरलेल्यांना पायरी.

रांगेत कुमुद आपल्या आईचा, भामाचा, दंड धरून उभी होती. बाकी सगळे गुणाआयच्या डोळ्यांकडे बघत होते, कुमुद फ्रेमकडे बघत होती. सागाची पट्टी, आणि कोपरे असे जुळलेले की नखसुद्धा शिरू नये. ती फ्रेम कुमुदनेच केलेली होती. पनवेलच्या जुन्या बाजारात तिचं फ्रेमचं दुकान होतं, आणि बावीस वर्षं दुसऱ्यांचे देव, लग्नं आणि मेलेली माणसं चौकटीत बसवून तिने घर चालवलं होतं.

तिची पाळी आली तेव्हा सवयीने ती फोटोच्या समोर उभी राहिलीच नाही. कुठलाही प्रिंट हातात आला की ती तो खिडकीपाशी नेऊन आडवा धरायची. समोरून सगळंच छान दिसतं, तिरक्या उजेडात ओरखडा दिसतो. आताही ती भिंतीला गाल लावून बाजूने बघू लागली. गुणाआयच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुईएवढं एकेक भोक होतं. दुकानातून गेला तेव्हा त्या फोटोला भोकं नव्हती.

“ताई, पुढे चला,” बाबा म्हणाले. “दर्शन समोरून घ्यायचं असतं.”

भामाने पदर डोळ्यांना लावला. “मना बोलवते गुनी,” ती पुटपुटली. “चालीस वरसं आमी एका आगरान राबलो.”

कुमुदला नुसती भोकं दिसली होती. त्यांतून पाणी कुठून यावं ते तिला कळत नव्हतं.

आता ही फ्रेम झाली कशी तेही सांगायला हवं. फोटो काढला होता प्रणितने. हा उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यातला पोरगा, चांगला कॅमेरा घेऊन मिठागरं आणि होड्या टिपत फिरायचा. त्याचे प्रिंट कापसाच्या जाड कागदावर काढलेले असत, शंभर वर्षं टिकावेत असे, आणि ते तो कुमुदशिवाय कुणाच्या हातात देत नसे. कारण कुमुद प्रिंटला डिंक लावायची नाही, पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर तो नुसता टांगायची. भोवती माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, रुंद पट्टी, म्हणजे काच प्रिंटला टेकत नाही. टेकली की आपल्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि मग सोडवताना चेहरा निघून येतो. भिंतीवर लावायचा तो उन्हाच्या वाटेपासून लांब, उजेड वरून आणि तिरका. एवढं सगळं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, आणि गिऱ्हाईक मान डोलावून सोनेरी पट्टी मागायचं.

गुणाबाईच्या वर्षश्राद्धासाठी शेठने हा फोटो घेतला. पण दुकानात ठरवायला आला तो दयाराम.

“काच नको,” दयाराम म्हणाला होता. “आईला श्वास घेऊ द्या.”

“काच नसेल तर प्रिंट दोन पावसाळ्यांत बुरशीने जाईल.”

“मग वर प्लास्टिक मारा, लॅमिनेशन. आणि मागे खोका करा, दोन मुठी मावतील असा. त्यात शेठच्या आगरातलं शेवटचं, सांभाळलेलं मीठ ठेवायचंय, दृष्ट लागू नये म्हणून. खोक्याला वरून भोकं पाडा, मिठाला हवा लागू दे.”

अशा प्रिंटला लॅमिनेशन मारायचं म्हणजे पैठणीला इस्त्रीचा डाग पाडायचा. कुमुदच्या ते जिवावर आलं होतं. पण दृष्टीसाठी मीठ कोण ओवाळत नाही? तिच्या आईनेही तिच्यावरून शंभरदा ओवाळलं होतं. तिने वाद घातला नाही, सांगितलं तसं केलं. फोटो टिकावा अशी इच्छा असलेला माणूस काच का नाकारतो, हा एक प्रश्न तिने विचारायला हवा होता. तो तिने विचारला नाही, आणि त्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

भामाला काचबिंदू होता. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा औषधाचा थेंब कुमुद स्वतः आईच्या डोळ्यांत घालायची. त्यात तिने एक दिवस चुकवला नव्हता. हल्ली थेंब पडला की भामा डोळा गच्च मिटून घ्यायची.

“झोंबतंय का?”

“जरासा. गुन येतंय त्याचा.”

आषाढ लागला तेव्हा भामा स्वयंपाकघराच्या दाराला डाव्या खांद्याने आपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटली. कुमुदने औषधाची बाटली उजेडात धरली. ती बाटली महिनाभर पुरायची. ही उघडून सहा आठवडे झाले होते आणि अजून अर्धी भरलेली होती.

तिने एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट, आणि मागाहून कडू.

“आये, हे काय भरलंयस?”

भामाने लपवलं नाही. “गुनीचा पानी. बाबा बोल्ला, डाक्टरचा आनि तिचा एका डोल्यान चालत नाय. तू कटकट करशील म्हनून बाटलीन भरला.”

म्हणजे चाळीस दिवस रोज दोनदा, आपल्याच हातांनी, कुमुदने आईच्या डोळ्यांत मिठाचं पाणी सोडलं होतं. तिला रडायला आलं आणि रागही आला, आणि दोन्हींतलं आईसमोर काढण्यासारखं काहीच नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टर सुनीताबाईंनी तपासलं. दाब दुप्पट झाला होता. “डाव्या डोळ्याची बाहेरची कड गेलीय,” त्या म्हणाल्या. “काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, कुमुद. उरलेली राखायची. आजपासून थेंब सुरू, एक दिवससुद्धा खाडा नको.”

पण भामा आता नवी बाटली जवळ येऊ देईना. ती तोंड फिरवून बसायची.

“मी तो फोटो खाली काढते आणि तुला दाखवते आत काय आहे ते,” कुमुद म्हणाली.

भामाने कुमुदचं मनगट धरलं. “हात लावशील तं माझी शपथ हाय. बाबा सगल्यांपुढं बोल्ला, जो गुनीला उघडंल त्याच्या घरचा मानूस आंधला व्हईल. तुझ्या घरान मानूस कोन हाय? मीच ना?”

बाबाने कुलूप चांगलं लावलं होतं. फोटो उघडला नाही तर आई थेंब घेणार नाही आणि आंधळी होणार. उघडला, तर गेलेली कड काही परत येणार नाही, पुढे आणखी जाईलही, आणि आई मरेपर्यंत म्हणेल की माझे डोळे माझ्या लेकीने घालवले. दोन्हीकडे दार बंद. हात तेवढे तिचेच होते, चाळीस दिवसांपूर्वीही आणि आताही.

पाण्याचं कोडं दुकानात सुटलं. दयारामने आणलेल्या मिठाची उरलेली गोण माउंटबोर्डांच्या गठ्ठ्यामागे पडून होती. कुमुद बोर्ड काढायला गेली तर खालचे चार भिजून फुगलेले. छप्पर गळत नव्हतं, भिंत कोरडी होती. गोणीखाली मात्र थारोळं होतं. तिने बोट बुडवून चाखलं. खारट, आणि मागाहून कडू.

मिठाला पाणी सुटलं होतं. पावसाळ्यात कुठल्या घरात सुटत नाही? आणि हे तर आगरातलं न धुतलेलं मीठ, हवेतला दमटपणा पिऊन टपटपणारं. मिठागरावर जन्म गेलेली माणसं रांगा लावून त्या मिठाच्या पाण्याला हात जोडत होती. आगरं विकून दहा वर्षं झाली, घरात पिशवीतलं धुतलेलं मीठ आलं, आणि आपलं मीठ कसं वागतं हे सगळे विसरले. एकटा दयाराम विसरला नव्हता. बाबा होण्याआधी तो जमिनीचा दलाल होता, आणि त्याच्याही आधी त्याच आगराचा मुकादम.

कुमुद तडक त्याच्याकडे गेली. बंगल्याच्या मागच्या खोलीत तो भजी खात होता.

“मीठ, त्याखाली भांडं आणि दोन वाती,” ती म्हणाली. “बरोबर?”

दयारामने शांतपणे बोटं पुसली. “खोका कुणी केला, ताई? वरची भोकं कुणी पाडली? लॅमिनेशन कुणी मारलं? मला तर हातोडीसुद्धा धरता येत नाही. सांगा लोकांना. मीही सांगेन, कुमुदबाईने आम्हाला फसवलं. आणि भामाआयला काय सांगाल ते आधी ठरवा.”

ती परत आली. चार दिवस ती पट्ट्या कापत होती आणि चुकीच्या मापाने कापत होती. घरी भामा भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची, आणि कपाटात नवी बाटली सील न तोडता पडून होती.

पाचव्या दिवशी खुद्द धर्मराजशेठ दुकानात आला. भला माणूस. आगर विकलं त्या दिवसापासून आई आपल्याशी बोलली नाही, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. ती आता निदान रडते तरी, एवढ्यावर तो समाधानी होता.

“कुमुदताई, गुरुपौर्णिमेला बाबांना सरप्राइज द्यायचंय. प्रणितने त्यांचा फोटो काढलाय. आईच्या शेजारी लावू. फ्रेम अगदी तशीच पाहिजे हां, काही फरक नको.”

कुमुदने त्याच्याकडे बघितलं. “तशीच म्हणजे, शेठ?”

“तशीच म्हणजे तशीच. पट्टी, माप, सगळं.”

“मागचा खोकाही?”

“आईला आहे ना? मग बाबांनाही पाहिजे. त्यांनाही दृष्ट लागायला नको ना?”

आता गिऱ्हाइकाने तशीच मागितली तर तशीच द्यायची. कुमुदने काच लावली नाही, लॅमिनेशन मारलं, खोका केला, वरून भोकं पाडली. गोणीतलं मीठ होतंच.

गुरुपौर्णिमेला सकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेठने पडदा ओढला. गुणाआयच्या शेजारी दयारामबाबा प्रसन्न हसताना दिसले. टाळ्या झाल्या. खरे बाबा वाटी घेऊन खाली बसले होते. त्यांनी मान वर करून आधी फोटो बघितला, मग फ्रेमची जाडी बघितली, मग कुमुदला बघितलं. आरती संपत आली तेव्हा हसऱ्या बाबांच्या दोन्ही डोळ्यांत पाणी चमकलं.

“बाबा रडायला लागले,” एक बाई म्हणाली.

“ते तर हसतायत.”

“फोटोत रडतायत.”

दयाराम पट्टीचा माणूस, पटकन सावरला. “हीसुद्धा एनर्जीच. भक्तांचं दुःख बघून माझा सूक्ष्म देह रडतो.”

“मग महाराज,” त्यांच्या हातची वाटी घेऊन नव्या फोटोखाली दोन थेंब धरून ती पुढे करत कुमुद म्हणाली, “हे पाणी आधी तुमच्या डोळ्यांत घाला. तुम्हाला चष्मा आहे.”

“मला गरज नाही.”

“चष्मा आहे की.”

मागून कोणीतरी हसलं. शेठ गोंधळून फोटोजवळ गेला. जिवंत माणसाचा फोटो रडतो हे अशुभ तर नाही ना, असं काहीतरी तो पुटपुटला. कुमुदने पिशवीतून पक्कड काढली. “उघडूनच बघू. आईने शपथ घातलीय ती गुणाआयचा फोटो उघडू नये म्हणून, बाबांचा नाही.”

“हात लावू नका,” दयाराम ओरडला. “आंधळे व्हाल. शेठ, या बाईने मागे मीठ भरलंय. वाती लावल्यायत. ही फसवणूक आहे.”

शेठ सावकाश वळला.

“न उघडता तुम्हाला कसं कळलं, बाबा?”

दयारामने एकदा नव्या फोटोकडे बघितलं, एकदा जुन्या. उघडा म्हणावं तर दोन्ही फोटो उघडायला लागणार. उघडू नका म्हणावं तर आत मीठ आहे हे तोच सांगून बसलेला. चार दिवस ज्या खोलीत कुमुद कोंडली होती, त्या खोलीत आता तो होता.

भामा भिंतीच्या कडेने चाचपत पुढे आली. डावीकडच्या खुर्चीला धडकली, पण थांबली नाही. तिने लेकीच्या हातातल्या वाटीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि बराच वेळ तोंडात घोळवलं.

“यो आपल्या आगराचा पानी हाय,” ती म्हणाली. “पावसान गोनीखाली साचायचा तो. गुनी नि मी पायान तुडवलाय. कडू लागतंय मागशी.” मग ती जुन्या फोटोकडे वळली, पण नजर नीट लागेना म्हणून सगळी मान फिरवावी लागली. “कुमुद, गुनीचा बी उघड.”

“आये, तुझी शपथ—”

“मी घातली, मीच सोडली. उघड.”

कुमुदने दोन्ही फ्रेम उतरवून जमिनीवर पालथ्या ठेवल्या. मागची चिकटपट्टी कापली, खिळे काढले. दोन्ही खोक्यांत एकसारखाच संसार निघाला: फडक्यात बांधलेलं मीठ, खाली दह्याचा प्लास्टिकचा डबा, त्यात साचलेलं पाणी, आणि डब्यातून फोटोच्या डोळ्यांपर्यंत खाली उतरलेल्या कापसाच्या दोन वाती. देवापुढे लावतो त्याच. लॅमिनेशनमुळे कागद पाणी पीत नव्हता, म्हणून थेंब गालावरून घरंगळत होता. काच असती तर वाटी भरली नसती.

“दोन्ही खोके मी केले, वाती फक्त दुसऱ्यात घातल्या,” कुमुद उभी राहून म्हणाली. “पहिला का हवा हे मी विचारलं नाही. ते पाणी मी माझ्या हाताने आईच्या डोळ्यांत घातलं. तिची डाव्या डोळ्याची कड गेली, ती परत येणार नाही. इथे अजून कुणी आपले थेंब बंद केले असतील तर घरी जाऊ नका, इथून सरळ दवाखान्यात जा.”

उरणच्या बायकांतली एक उठली. तिने कमरेच्या पिशवीतून छोटी बाटली काढली, दयारामच्या पुढ्यात ठेवली आणि चपला शोधायला गेली. तिच्यामागून दुसरी गेली. दुपारपर्यंत त्याच्यापुढे पंचवीस-तीस बाटल्या झाल्या, आणि शेठने पोलिसांना फोन केला तेव्हा तो त्यांच्यामध्येच बसून होता. बाहेर पडायला वाट नव्हती.

प्रणितने गुणाबाईचा नवा प्रिंट काढून दिला. त्याला कुमुदने माउंट केलं, काच लावली आणि तो उन्हापासून लांबच्या भिंतीवर टांगला. आता गुणाआय रडत नाही. ती नुसती उन्हाकडे डोळे बारीक करून बघते, आणि शेठ रोज सकाळी तिच्यासमोर थोडा वेळ उभा राहतो. आई का बोलत नव्हती, ते त्याचं त्याला माहीत आहे. त्यासाठी वाटी धरायला कुणी लागत नाही.

मिठाला पाणी सुटतं. त्यात देव नाही, भूत नाही, गुणाबाईचा राग नाही. ते तुमच्या-आमच्या ओट्यावरच्या बरणीतही सुटतं, आणि कळायला कॉलेज लागत नाही, बरणीकडे बघावं लागतं. चमत्कार सांगणारा नेहमी समोर उभं करतो. आपण एकदा बाजूने बघावं, मागून बघावं. आणि ‘उघडाल तर वाईट होईल’ असं जिथे कुणी म्हणेल, तिथे तेच आधी उघडावं. वाईट व्हायचं ते न उघडल्यानेच होत असतं.

भामा आता संध्याकाळी स्वतःहून खाटेवर येऊन बसते. नवी बाटली आली की कुमुदच्या हातून घेते आणि उरलेल्या नजरेपुढे धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघते.

“सील तोडू का, आये?”

“थांब. मना आधी बघू दे,” भामा म्हणते. मग मान मागे टाकते आणि डोळा उघडा ठेवते.